इपल्याला न शिकवलेला शब्द

जे जनावर तुम्ही स्वतःच्या हातानं भाकरी घालून वाढवलं, त्याच्यासमोर उभं राहताना तुम्हाला कधी भीती वाटली आहे का?

शाळू पुन्हा हुरड्यात आला आहे. सकाळी बांधावरून चालताना धोतर गुडघ्यापर्यंत दवानं भिजतं. ओढ्यापलीकडच्या गुऱ्हाळातून उकळत्या रसाचा वास येतो आणि चिपाडांचा धूर ओढ्याच्या अंगानं सपाट पसरून राहतो. कडेगावच्या बाजूचा हा आमचा पट्टा वर्षातून एवढे दीड-दोन महिने भरल्या घरासारखा दिसतो. लोक खुशीत असतात. मला मात्र या वासांबरोबर एक साखळी ऐकू येऊ लागते.

साखळीचा आवाज तुम्ही नीट ऐकला असेल तर तुम्हाला ठाऊक असेल. कुत्रं उठतं तेव्हा ती आधी जमिनीवर घसटते, मग गप्प होते, आणि मग एकदम ताठ होऊन खणकते. भीती त्या मधल्या गप्प क्षणात असते. पाच वर्षं झाली, मी अजून त्या क्षणात अडकलेला आहे.

मी पत्रकांवर वाढलो. साताऱ्याला बोर्डिंगात असताना गादीखाली सापडलेला पहिला कागद अजून डोळ्यांसमोर आहे. निळसर शाई, कडेला कुणाच्या तरी अंगठ्याचा ठसा, आणि वाक्यं अशी की वाचताना कान तापावेत. पुढं सांगलीला कॉलेजात गेलो तोवर मी ते कागद नुसते वाचत नव्हतो, लिहीत होतो. बेचाळीसच्या पावसाळ्यात कॉलेज सोडून घरी आलो. घरच्यांना वाटलं, पोरगं शेती करायला आलं. मी खळ्याशेजारच्या कडब्याच्या गंजीत आतून पोकळी केली आणि तिथं सायक्लोस्टाइलचं यंत्र ठेवलं. आठवड्याला एक कागद निघायचा. मजकूर माझा, अक्षर माझं, खाली नाव कुणाचंच नाही.

यंत्र सापडलं तर काय होईल हे मला माहीत होतं. शेजारच्या गावातला एक जण ठाण्यातून परत आला तो भिंत धरधरून चालत होता. त्याच्याकडं बघून मी दोन दिवस नीट जेवलो नव्हतो. कागदावर मी निर्भय होतो. कागदाबाहेर प्रत्येक पानाच्या सळसळीला मी गंजीकडं वळून बघायचो. हे आज लिहितो आहे. तेव्हा स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं.

म्हणून मला कुत्रं हवं होतं. नुसतं भुंकणारं नको होतं, तसली गावात ढीगभर होती. खाकी दिसली की सरळ अंगावर जाणारं हवं होतं. माझ्याजवळ नसलेलं धैर्य मला चार पायांवर बांधून ठेवायचं होतं.

दिवाळीनंतर जतकडचे धनगर मेंढरं घेऊन आमच्या पट्ट्यात उतरतात. रिकाम्या रानात चार-आठ दिवस मेंढरं बसवायची, लेंड्यांचं खत रानाला, दाणे धनगराला, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. आमच्या रानात मायाप्पा यायचा. उंच, वाळका, बोलताना समोरच्याकडं न बघता मेंढरांकडं बघणारा. त्याच्या कुत्रीला त्या साली पाच पिल्लं होती. मी एक मागितलं तेव्हा त्यानं विचारलं, “कशाला पायजे?”

“राखणीला.”

त्यानं जर्मनचं ताट उचलून दगडावर आपटलं. चार पिल्लं दचकून आईच्या पोटाखाली घुसली. त्यांतलं एक तांबडं पिल्लू थोड्या वेळानं बाहेर आलं, ताटाचा वास घेतला आणि ताटातच जाऊन बसलं. पाचवं काळं होतं, छातीवर पांढरा ठिपका. ते दचकलंच नाही. तोवर ते मायाप्पाच्या घोंगड्याचं टोक धरून मागं ओढत होतं. मी घोंगडं वर उचललं तर पिल्लू हवेत लोंबकळलं, पण दात सुटले नाहीत.

“हेच,” मी म्हणालो.

“तांबडं न्या, मास्तर.” मी चार बुकं शिकलेला म्हणून तो मला मास्तर म्हणायचा. “त्ये भ्यालं, पर काय हाय ते बघाया परत आलं. ह्या काळ्याला भ्याच न्हाई. मग थांबायचं कुटं ह्ये त्येला कळायचं कसं?”

“मला भिणारं नकोच आहे.”

“मेंढरामागं दिसभर पळालं तर सोन्यावानी ऱ्हाईल. खुंट्याला बांदलासा तर सोताचं शेपूट खाईल. लय आग हाय त्येच्यात.”

आग हा शब्द माझ्या कागदांत दर चार ओळींना येत असे. मी खूश झालो. नारळ आणि गुळाची एक ढेप देऊन काळं पिल्लू घरी आणलं आणि त्याचं नाव ठेवलं विप्लव. गावात कुणाला ते म्हणता येईना. आईनं पहिल्याच दिवशी त्याला ताकात भाकरी कुस्करून घातली आणि म्हणाली, “ये रं इपल्या.” तेच नाव राहिलं.

आता त्याला शिकवायला लागलेल्या कापडाबद्दल. खाकी कापड मिळवायला आमच्याकडं ठाण्यात जावं लागत नाही. निम्म्या घरांतल्या ट्रंकांत ते असतं. आमच्या घरातही होतं, कारण माझा थोरला भाऊ, दादा, पलटणीत होता. आधीच्या रजेला आला तेव्हा तो जुने कपडे मागं ठेवून गेला होता: दोन शर्ट, एक अर्धी विजार, पायाला गुंडाळायच्या पट्ट्या, एक मफलर. आईनं ते धुतले नव्हते. ती ते तसेच ट्रंकेत ठेवायची आणि कधीमधी झाकण उघडून नुसती बसायची. मी ते बघितलं होतं. तरी त्या ट्रंकेतून मी शर्ट काढला. म्हटलं, उदात्त कामासाठी आहे.

पुढच्या साली दसऱ्यापासून इपल्याचं शिक्षण सुरू झालं. शर्ट काठीला गुंडाळायचा, काठी दोरीनं लिंबाच्या फांदीला टांगायची, संध्याकाळची भाकरी बाजूला झाकून ठेवायची आणि म्हणायचं, “धर.” शर्ट धरून झोडपला की भाकरी. नाही झोडपला तर नाही. महिन्याभरात तो शब्दाची वाटच बघेना. काठी बाहेर आली की त्याचं सगळं अंग ताणलेल्या दोरीसारखं थरथरू लागे. पहिल्या शर्टाच्या चिंध्या झाल्या, मी दुसरा काढला. मग विजार. मग पट्ट्या. आई मळ्यात असताना मी ट्रंक थोडी थोडी रिकामी करत गेलो.

एकदा खाली पडलेली विजार उचलायला मी वाकलो. इपल्या गुरगुरला. जोरात नाही, घशाच्या तळातून, जात्याखाली खडा आल्यासारखा. त्याचे डोळे माझ्या हातावर होते. मी हात मागं घेतला. त्या दिवसापासून त्याचं भांडं मी काठीनं पुढं सरकवू लागलो. हे कुणाला सांगितलं नाही. स्वतःच्याच कुत्र्याला मी भितो, हे कुठल्या पत्रकात लिहिणार होतो?

आणि तरी मला अभिमान वाटत होता. हे दोन्ही एकत्र असू शकतं, एवढं त्या सुगीनं मला शिकवलं.

मार्गशीर्षात एका दुपारी पोलीसपाटलाबरोबर दोन शिपाई आले. खळ्यावर आले, पाणी मागितलं, गंजीला पाठ टेकून बसले. त्यांच्या पाठीपासून यंत्र दोन हातांवर होतं. मी इपल्याची साखळी धरून उभा होतो. ‘धर’ म्हणायचं होतं, म्हटलं नाही. इपल्यानं एकदा त्यांच्याकडं बघितलं, जांभई दिली आणि पंज्यांवर तोंड ठेवून पडून राहिला. एका शिपायानं त्याचा कान खाजवला. इपल्यानं शेपटी हलवली.

“ग्वाड हाय कुत्रं,” शिपाई म्हणाला.

ते गेल्यावर मी खळ्याच्या कडेला बसून ओकलो. मग स्वतःला समजावलं की मी शब्द उच्चारला नव्हता, म्हणून तो उठला नाही. शिस्तीचा आहे. केवढी मोठी गोष्ट त्या दुपारी माझ्यासमोर पडून होती आणि मी ती न बघता पुढं गेलो.

पुढं मायाप्पा मेंढरं घेऊन आला. इपल्यापासून पाच हात लांब थांबला. बराच वेळ बघत राहिला.

“कशावर शिकिवलंसा?”

“खाकीवर,” मी म्हणालो.

तो हसला. “कुत्र्याला खाकी काय आन् हिरवी काय. सोड म्हनल्यावर सोडतंय का?”

“सोडण्यासाठी नाहीच शिकवलेला.”

“मास्तर, माज्या कुत्रीला लांडग्याच्या नरड्यावरनं हाळी दिली तर मागारी येती. पयला शब्द त्योच शिकिवत्यात. धरायचं तिला आईच्या पोटातनंच येतंय.”

अडाणी माणूस, मी मनात म्हणालो. याला मेंढरांपलीकडचं काय कळणार.

त्याच आठवड्यात आईनं ट्रंक उघडली. मी ओसरीवर होतो. झाकणाचा आवाज झाला आणि मग काहीच आवाज नाही. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात एकटा मफलर होता.

“थोरल्याची कापडं कुटं गेली रं?”

“उंदरांनी कुरतडली होती. टाकून दिली.”

तिनं माझ्याकडं बघितलं. मफलर तिनं आपल्या उशीखाली ठेवला.

यानंतरची सकाळ मला क्रमानं सांगता येते, कारण ती मी इतक्या वेळा पुन्हा बघितली आहे. दाट धुकं होतं. शाळूची ताटं कमरेपर्यंतच दिसत होती. मी गंजीजवळ होतो, यंत्रावरची शाई पुसत होतो. साखळी घसटली. मग गप्प झाली. मग ताठ झाली. इपल्या उठला होता आणि नाक वर करून वाऱ्यात काहीतरी शोधत होता. अंगावरचा प्रत्येक केस उभा. शिपाई आले त्या दुपारी तो असा उठला नव्हता.

बांधावर एक उंच आकृती दिसली. लांब खाकी कोट, खांद्यावर काहीतरी. सरळ गंजीच्या रोखानं येत होती.

मला त्या दुपारची लाज आठवली. आज नाही भ्यायचं, असं मी ठरवलं. घाबरलेला माणूस धीट व्हायचं ठरवतो तेव्हा तो फार धोक्याचा असतो, हे मला आता कळतं. मी साखळीची कडी काढली आणि म्हणालो, “धर.”

तो धावताना आवाजच झाला नाही. नुसती शाळूत एक रेघ उमटत गेली. आकृती खाली कोसळली, ट्रंक दगडावर आदळली, आणि आवाज आला, “आरं मी हाय रं. मी हाय.”

तो दादाचा आवाज होता.

मी पळालो. इपल्यानं दादाचा उजवा हात कोपराखाली धरला होता आणि तो शर्ट झोडपावा तसा झोडपत होता. कोटाची बाही फाटून आतलं मांस दिसत होतं. “सोड,” मी ओरडलो. “इपल्या, सोड. सोड.” त्यानं कानसुद्धा हलवला नाही. हलवणार कसा? तो शब्द त्यानं जन्मात ऐकला नव्हता. माझं ओरडणं त्याला ओळखीचं होतं. लिंबाखाली मी असाच ओरडून त्याला चेव आणत असे. मी साखळीनं त्याच्या पाठीत मारलं. त्यानं आणखी आवळलं.

“वरडू नगंस,” दादा म्हणाला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता, पण आवाज खाली होता. “मारू बी नगंस. त्ये आवळतंय.”

त्यानं डावा हात कोटातून सोडवला. कोटाचा सगळा घेर उचलून कुत्र्याच्या डोक्यावर टाकला आणि त्या अंधारासकट त्याला छातीशी धरून गुडघ्यांवर बसून राहिला. किती वेळ, सांगता येत नाही. कोटाखाली गुरगुर कमी होत गेली. मग दादानं हळूच हात बाहेर काढला. दोन बोटं वेगळीच लोंबत होती.

बैलगाडीनं सडकेपर्यंत, तिथून मिळालेल्या मोटारीनं सांगलीला. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी जखम शिवता शिवता विचारलं, “कुत्रं कुठंय?”

“बांधलंय,” मी म्हणालो.

“कुणाला मारू देऊ नका. दहा दिवस जगलं तर पिसाळलेलं नाही. मेलं किंवा पळालं तर पोटात इंजेक्शनं द्यावी लागतील. ती आत्ता माझ्याकडं नाहीत, लढाईमुळं येत नाहीत. मागवतो. वेळेत येतील असं सांगत नाही.”

पिसाळलेल्या कुत्र्यानं चावलेला माणूस मी लहानपणी बघितला होता. पाण्याच्या तांब्याला बघून तो किंचाळायचा. मी दादाकडं बघितलं. त्यानं शेजारच्या पाण्याच्या पेल्याकडं बघितलं आणि नजर फिरवली. तोही तेच आठवत होता.

दादाला दवाखान्यात ठेवून मी दुसऱ्या दिवशी घरी आलो तर खळ्यावर चार जण काठ्या घेऊन उभे. आमच्याच भावकीतले. “सर बाजूला,” त्यांतला एक म्हणाला. “थोरल्याचा हात खाल्ला त्यानं.”

मी हात पसरून मधे उभा राहिलो. पुढं काठ्या आणि मागं दात. पाठीवर त्याचा श्वास लागत होता. “हा मेला तर दादा मरेल,” मी म्हणालो आणि डॉक्टरांचं बोलणं सांगितलं. ते गेले. जाताना एक जण म्हणाला, “आता घाल ह्येला मांडीवर घिऊन भाकरी. दहा दिस.”

त्यानं टोमणा मारला होता. पण तेच माझ्या वाट्याला आलं, आणि इपल्या खाईना. पहिला दिवस नाही, दुसरा नाही, तिसरा नाही. भाकरी पुढं सरकवली की तो लिंबाच्या फांदीकडं बघायचा आणि थरथरायचा. आधी झोडपायचं, मग खायचं, एवढंच मी त्याला शिकवलं होतं. त्याच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. लाळ गळायची आणि ती बघून मी स्वतःला विचारायचो: ही भुकेची की त्या दुसऱ्या रोगाची? उपाशी राहून मेला तर कुणाला कळणार होतं तो कशानं मेला? माझ्या दादाचं मरण एका कुत्र्याच्या पोटात बांधून मी त्याच्यासमोर बसलो होतो, आणि ती गाठ मीच मारली होती.

चौथ्या दिवशी दादा घरी आला. हात गळ्यात. मी म्हणालो, “फांदीला कापड टांगून बघू का? मग तरी खाईल.”

“न्हाई,” तो म्हणाला.

तोवर मायाप्पाही येऊन बसला होता. मी त्याला सगळं खरं सांगितलं, ट्रंकेतल्या कपड्यांचंसुद्धा. आई दारात उभी होती. तिनं ऐकलं.

मायाप्पा जमिनीकडं बघत म्हणाला, “म्हंजे तुमी त्येला खाकी न्हाई शिकिवली, मास्तर. भाऊ शिकिवला. तीन म्हैनं त्येच्या नाकात तुमच्या भावाचा घाम घातलासा. मग पोलिसाला शेपूट हालवंल, न्हाई तर काय करंल?”

गुऱ्हाळाकडून चरकाची करकर येत होती.

मग मायाप्पानं दादाला सांगितलं काय करायचं ते. आईनं उशीखालचा मफलर आणून दिला. दादा इपल्यासमोर साखळी पुरणार नाही एवढ्या अंतरावर जाऊन बसला आणि मफलरचं टोक त्याच्याकडं टाकलं. इपल्यानं झडप घालून ते धरलं. दादानं ओढलं नाही, ओरडला नाही. डाव्या हातानं भाकरीचा तुकडा पुढं केला. वेळ गेला. ऊन लिंबाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरकलं. शेवटी तुकड्यासाठी इपल्याचा जबडा उघडला आणि मफलर पडला. तेवढ्या क्षणात दादा अगदी हळू म्हणाला, “सोड.”

तुकडा दिला. पुन्हा मफलर. पुन्हा तुकडा. पुन्हा तो शब्द.

मी लांब उभा राहून बघत होतो. माझ्या तोंडात त्या शब्दाचा आकारच बसेना. इतक्या वर्षांत मी किती शब्द लिहिले. उठा, तोडा, जाळा, फोडा. हा एकदाही लिहिला नव्हता.

सातव्या दिवशी दादा गंजीला टेकून बसला होता. कडब्यात त्याच्या हाताला एक कागद लागला. मी आलो तेव्हा तो वाचत होता. पलटणीत गेलेल्यांवर मी लिहिलेला तो कागद. पगारासाठी गोऱ्याच्या दारात बसलेल्या या भाडोत्र्यांना गावात घोटभर पाणी देऊ नका, असं त्यात होतं. फार वाहवा झाली होती त्या ओळीची.

“तू लिवलंस?” त्यानं विचारलं.

“व्हय.”

“अक्षरावरनं वळकलं. शाळंत असल्यापास्नं ‘र’ला खाली पाय काडतोस.” त्यानं कागदाची घडी घातली. “त्या दिशी सडकंवरनं चालत येताना एका वस्तीवर पानी मागितलं. म्हातारीनं कोट बघितला आन् कवाड लावलं. मला वाटलं, भ्याली आसंल.”

त्यानं कागद मला परत दिला. एवढंच. तो ओरडला असता, मला मारलं असतं, तर मी आज कदाचित हे लिहिलं नसतं.

दहाव्या दिवशी इपल्या जिवंत होता. दादानं साखळीची कडी काढली. आम्ही सगळे मागं सरलो, मी सगळ्यांत मागं. इपल्या दादाच्या गुडघ्यापर्यंत गेला, गळ्यातल्या हाताचा बराच वेळ वास घेतला, आणि त्याच्या पायाशी बसला. आईनं पदर तोंडाला लावला.

दादाची दोन बोटं पुन्हा मिटली नाहीत. बंदूक धरता येईना म्हणून पलटणीनं त्याला घरी पाठवलं. आई म्हणते, इपल्यानं तिचा ल्योक राखला. तिला तसं म्हणायचा हक्क आहे, मला नाही. गावात काही जण दादाच्या पाठीमागं वेगळं म्हणत: कुत्रं चावून घेतलं आणि लढाई चुकवली. त्याच्याबरोबर गेलेले तिघे परत आले नाहीत. त्यांची नावं निघाली की तो आजही उठून गोठ्यात जातो. त्याच्या मागोमाग इपल्या जातो.

हो, इपल्या आहे. तोंडावर पांढरा झालाय. दिवसभर दादाच्या मेंढरांमागं पळतो. आम्ही मायाप्पाकडून पंधरा मेंढरं घेतली ती त्याच्यासाठीच. दादानं हाळी दिली की अर्ध्या उडीत थांबतो. मी मात्र अजून त्याचं भांडं हातानं ठेवताना आधी त्याच्या डोळ्यांकडं बघतो.

एवढंच असतं तर ही गोष्ट घरातच राहिली असती. पण गेल्या सुगीत दिल्लीतल्या त्या खुनाची बातमी आली. मारणारा ज्या जातीचा, त्या जातीची घरं आपल्या जिल्ह्यात गावोगाव पेटली. शेजारच्या गावात मी ते बघितलं. ज्या मास्तरांनी आम्हाला मुळाक्षरं शिकवली, त्यांच्या दारात जमाव होता. त्यांचा त्या खुनाशी काय संबंध, हे कुणी विचारत नव्हतं. नाकात एक वास घातला गेला होता आणि साखळीची कडी निघाली होती. पुढचा एक जण हात वर करून एक वाक्य म्हणत होता, आणि ते वाक्य माझं होतं, सहा वर्षांपूर्वीच्या एका कागदातलं. वेगळ्या कारणासाठी लिहिलेलं. पण वाक्याला कारण लक्षात राहत नाही.

“सोडा,” मी म्हणालो. मोठ्यानं म्हणालो. दोघांनी वळून बघितलं, जसं परक्या भाषेत बोलणाऱ्याकडं बघतात. मग कडब्यानं पेट घेतला. मी घाबरून उभा राहिलो. हे मी लपवत नाही. मास्तर मागच्या दारानं निसटले, जिवंत आहेत, पण त्यांच्या घराची जागा अजून काळी आहे. या आठवड्यात तिथून गेलो तर त्यांच्या परसातला शाळू आपला आपण उगवून हुरड्यात आला होता. खायला कुणी नव्हतं.

मी लढलो याचा मला पश्चात्ताप नाही. गोरा जायलाच हवा होता, तो गेला. अन्याय दिसला की दात दाखवावेत, हे मी आजही मानतो. पण कुणाच्या नाकात आपण काय घालतो आहोत, ते न बघता मी लिहीत गेलो. आणि परत बोलावण्याचा शब्द शिकवायच्या आधी मी कडी काढली.

म्हणून तुमच्याकडं माझं एक मागणं आहे. दारात पिल्लू असेल तर आज संध्याकाळी भाकरी घालताना त्याला पहिला शब्द कोणता शिकवायचा, ते तुम्हाला आता ठाऊक आहे. आणि मग उठून जरा माळ्यावर बघा, कणगीमागं, देवांच्या फळीखाली, जुन्या पंचांगांत. बेचाळीस-त्रेचाळीसचा एखादा निळसर शाईचा कागद सापडेल, खाली नाव नसलेला, ‘र’ला पाय काढलेला. तो फाडू नका, जाळू नका, पुढं कुणाला वाचून दाखवू नका. मला आणून द्या. त्याच्या तळाशी, त्याच अक्षरात, माझा एक शब्द लिहायचा राहिला आहे.